आधी फोन, मग विमान: आउटबॅकच्या धावपट्ट्यांवरचा पाहुणचार

ऑस्ट्रेलियाच्या आतल्या ओसाड भागात, म्हणजे आउटबॅकमध्ये, ‘स्टेशन’ म्हणजे रेल्वेचं नव्हे, गुरांचं. साउथ ऑस्ट्रेलियातलं अ‍ॅना क्रीक हे जगातलं सर्वांत मोठं गुरांचं स्टेशन. क्षेत्रफळ पंधरा हजार चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे जवळपास आपला पुणे जिल्हा. त्या रानाच्या मधोमध विल्यम क्रीक नावाचं गाव, मोजून थोडी माणसं, 1887 चा एक पब आणि पबला लागूनच धावपट्टी. क्वीन्सलंडमधल्या बर्ड्सव्हिलला तर विमानातून उतरून रस्ता ओलांडला की 1884 चं हॉटेल. सेसना 172 किंवा 182 सारखं छोटं विमान घेऊन अशा ठिकाणी मुक्कामाला जाण्यासारखी मजा नाही. पण बहुतेक जण तयारीची सुरुवात नकाशापासून करतात. ती फोनपासून करायला हवी.

स्टेशनची धावपट्टी खाजगी असते, तिथे मालकाला विचारल्याशिवाय उतरायचं नसतं. ‘एर्सा’ या अधिकृत पुस्तिकेत नोंद असलेल्या कित्येक पट्ट्यांपुढेही पूर्वपरवानगीची अट असते. आता फोनवर ‘पट्टी कशी आहे?’ असं विचारलंत तर उत्तर एकच येतं: ‘बरी आहे.’ म्हणून आकड्यांत उत्तर येईल असे प्रश्न विचारा. लांबी किती मीटर? शेवटचा पाऊस कधी आणि किती? पट्टीवर गाडी शेवटची कधी फिरवली? ताठ स्प्रिंगांची साधी पिकअप ताशी 75 किलोमीटर वेगाने आतल्या माणसाला त्रास न होता पट्टीवरून गेली, तर हलक्या विमानाला ती चालते, हा तिथला जुना मापदंड. आणि विजेची तार कुठून जाते, हे न विसरता विचारा. आउटबॅकमध्ये एकाच तारेवर वीज नेतात. खांब दूरदूर, तार गंजून मातीच्या रंगाची झालेली. वरून ती दिसत नाही, दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

पाऊस झाला असेल आणि मालक ‘नको’ म्हणाला, तर घासाघीस करू नका. काळी माती भिजली की चाकाला आणि चाकावरच्या आवरणाला लिंपत जाते आणि चाक फिरायचंच थांबतं, हे तुमचं नुकसान झालं. मालकाचं नुकसान मोठं असतं. तीच पट्टी फ्लाइंग डॉक्टरच्या विमानाचीही असते. 1928 साली क्लॉनकरीहून सुरू झालेली ही सेवा आजही तिथल्या घरांची रुग्णवाहिका आहे. ओल्या पट्टीवर तुमच्या चाकांनी पाडलेल्या चाऱ्या वाळून दगडासारख्या होतात आणि ते विमान उतरायची पंचाईत होते. पाहुण्याने यजमानाच्या दारात खड्डा खणून जावं, तसलाच हा प्रकार.

इंधनाचं गणित आकडे मांडूनच करा. बर्ड्सव्हिल ते विल्यम क्रीक साधारण 240 नॉटिकल मैल. जुन्या 172 मध्ये वापरता येण्याजोगं इंधन सुमारे 150 लिटर, खप तासाला 36. वारा नसेल तर 110 नॉटने (म्हणजे ताशी तितके नॉटिकल मैल) सव्वादोन तासांच्या आत, 79 लिटरमध्ये पोहोचता. समोरून 20 नॉटचा वारा असेल तर दोन तास चाळीस मिनिटं आणि 96 लिटर. इंजिन सुरू करून वर चढेपर्यंतचे 5 धरले तर टाकीत 49 उरतात. दिवसा नजरेने उडणाऱ्या छोट्या पिस्टन विमानाला 30 मिनिटांचा राखीव साठा, म्हणजे 18 लिटर, हात न लावता ठेवावा लागतो. इथवर सगळं ठीक वाटतं. पण विल्यम क्रीकवर धुळीचं वादळ असेल आणि कूबर पीडी गावाकडे वळायची वेळ आली तर आणखी सुमारे 85 नॉटिकल मैल, त्याच वाऱ्यात 34 लिटर. हातात राहतात 15, राखीव 18 पेक्षाही कमी. म्हणजे परत फिरायचं की पुढे जायचं हे अर्ध्या वाटेवर, जमिनीवरचा वेग बघूनच ठरवायला हवं. विल्यम क्रीकवर घिरट्या घालताना नव्हे.

स्टेशनवर अ‍ॅवगॅस (पिस्टन विमानाचं पेट्रोल) मिळेल असं गृहीत धरू नका. मिळालंच तर 200 लिटरच्या पिंपातून, आणि तेही आधी सांगून ट्रकने मागवलेलं. पिंप फोडलं की अख्ख्या पिंपाचे पैसे द्यायचे. टाकीत 120 मावले तर 80 लिटर मागे राहणार, म्हणून दोन विमानांनी मिळून जाणं परवडतं.

पिंपातून भरताना घाई नको. पिंप उभं ठेवलेलं असेल तर झाकणावर पावसाचं पाणी साचतं, आणि रात्री इंधन गार होऊन आकसलं की ते पाणी बुचाच्या फटीतून आत ओढलं जातं. म्हणून जाणकार यजमान पिंप आडवं ठेवतो, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी, म्हणजे बुचं आतून इंधनाने ओली राहतात. आधी सील शाबूत आहे का बघा, मग पिंपावरचं नाव आणि तारीख वाचा. पिंप उभं करून एका बाजूखाली लाकडाचा ठोकळा सरकवा. पंप लावायचं बुच वरच्या बाजूला आलं पाहिजे, म्हणजे पाणी आणि गाळ समोरच्या खालच्या कडेला जमतो. तसंच थोडा वेळ राहू द्या. झाकण उघडण्याआधी पिंप, पंप आणि विमान तारेने जोडा. कोरड्या हवेत स्थिर विजेची एक ठिणगी पुरते. पंपाची नळी तळाला टेकवू नका, शेवटचे काही लिटर सोडून द्या. गाळणी पाणी अडवणारीच हवी. पहिला नमुना काचेच्या बाटलीत घेऊन उजेडात धरा: 100LL हे विमानाचं पेट्रोल निळसर दिसतं, पाण्यासारखं पांढरं किंवा पिवळट दिसलं तर ते जेटचं इंधन असू शकतं. आणि भरून झाल्यावर थोडं थांबून प्रत्येक टाकीच्या तळातून पुन्हा नमुना काढा.

उड्डाण पहाटे करावं. दहा-अकरानंतर जमीन तापते, हवा उकळल्यासारखी होते, वावटळी उठायला लागतात. उष्णतेने विमानाचा जोरही कमी होतो. बर्ड्सव्हिल समुद्रसपाटीपासून जेमतेम 160 फुटांवर, पण 42 अंशांना विमानाला ते 3,400 फुटांवर असल्यासारखं वाटतं. हिशोब सोपा: प्रमाण तापमानापेक्षा (समुद्रसपाटीला 15 अंश) जास्तीच्या दर अंशाला 120 फूट. म्हणूनच मे ते सप्टेंबर हा जायचा काळ.

संध्याकाळचं घड्याळही सांभाळा. क्वीन्सलंडचं घड्याळ हिवाळ्यात साउथ ऑस्ट्रेलियाच्या अर्धा तास पुढे, आणि उन्हाळ्यात अर्धा तास मागे, कारण क्वीन्सलंड घड्याळं हलवत नाही. अंधार पडायच्या निदान दहा मिनिटं आधी उतरलेलं असायला हवं, आणि हा हिशोब यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत, करणंच शहाणपणाचं.

कटी थंडा-लेक आयर बघायला जाणाऱ्यांना एक सूचना. तळं समुद्रसपाटीच्या 15 मीटर खाली आहे, तेव्हा उंचीमापक शून्याखाली गेला तर घाबरू नका. खरा धोका मिठाच्या पांढऱ्या पसाऱ्याचा. आकाश आणि जमीन एकच होतात, क्षितिज हरवतं. किनारा नजरेच्या टप्प्यात ठेवूनच उडा.

पिण्याचं पाणी माणशी किमान दहा लिटर, आणि त्याचं वजन हिशोबात धरलेलं. एप्रिल 1929 मध्ये कीथ अँडरसन आणि बॉब हिचकॉक हे ‘कूकाबरा’ विमानातून हरवलेल्या वैमानिक किंग्जफर्ड स्मिथला शोधायला निघाले. टॅनामी वाळवंटात इंजिनने दगा दिला म्हणून उतरले, पुन्हा उडण्यासाठी झुडपं साफ करत राहिले आणि तहानेने गेले. रेडिओ नव्हता, पाणी अगदी थोडं. आज संकटाचा इशारा पाठवणारा 406 मेगाहर्ट्झचा बीकन मिळतो, तो नोंदवलेला असावा आणि सामानात नव्हे, अंगावरच्या खिशात असावा. उतरावं लागलंच तर विमान सोडून चालत जाऊ नका. वरून माणूस दिसत नाही, पंख दिसतात.

पोहोचल्यावर लगेच उतरायचं नाही. रेडिओवर 126.7 मेगाहर्ट्झला, किंवा त्या जागेची वेगळी फ्रिक्वेन्सी असेल तर तिच्यावर, आपण आल्याचं सांगा. आधी 500 फुटांवरून एक फेरी, मग पट्टी डाव्या हाताला ठेवून खालून दुसरी, म्हणजे डावीकडे बसलेल्या पायलटला ती नीट दिसते. लांबी मोजायची तर जमिनीवरचा वेग 60 नॉट असताना सेकंदाला साधारण 30 मीटर. तीस सेकंद लागले तर 900 मीटर. गडद डाग म्हणजे ओल. मैद्यासारखी फिकट, गुळगुळीत जागा म्हणजे भुसभुशीत धूळ, चाक रुतणार. पट्टीला आडवी गुरांची वाट दिसली तर गुरं आसपासच आहेत. सकाळ-संध्याकाळ कांगारू आयत्या वेळी पळतात, तेही नेमके पट्टीकडेच.

उतरल्यावर घरासमोर विमान वळवताना शेपूट घराकडे करू नका. प्रॉपेलरची धूळ यजमानीणबाईंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जाते, आणि ओळख तिथूनच सुरू होते. खडीवर उभं राहून इंजिन वाढवू नका. दगड पात्यावर बसतात. पात्याच्या पुढच्या कडेवरून नख फिरवा, अडकलं तर खाच आहे, आणि खाचेतूनच तडा जातो.

विमान बांधायचे दोर स्वतःचे न्या. वाळूत खुंट्या उपटतात. तिथे दोर फळीला बांधून फळी पुरावी. वेग मोजणाऱ्या पिटो नळीवर टोपी लगेच घाला, कुंभारमाशी घर करायला वेळ लावत नाही. आणि कुंपणाच्या आत जागा मागून घ्या. गाईला अंग घासायला शेपटीचा पत्रा फार आवडतो.

जेवणाचा आकडा निदान आदल्या दिवशी कळवा, कारण किराणा शेकडो किलोमीटरवरून येतो. शाकाहारी असाल तर ‘मांस नाही, मासे नाहीत, कोंबडीही नाही’ असं मोजून सांगा. भेट म्हणून ताजं वर्तमानपत्र सोन्याच्या मोलाचं. साउथ ऑस्ट्रेलियात फळमाशीमुळे बाहेरची फळं न्यायला बंदी आहे, तेव्हा आंब्याची पेटी नको. बेसनाचे लाडू उन्हात टिकतात आणि हातोहात संपतात. बिअरचा आग्रह होईल. शेवटचा घोट आणि उड्डाण यांच्यात कायद्याने आठ तास हवेत, पहाटे सहाला निघायचं तर रात्री दहाला ग्लास खाली.

निघताना सारटाइम द्या, म्हणजे ‘या वेळेपर्यंत माझी खबर आली नाही तर शोध सुरू करा’ अशी हवाई यंत्रणेकडे नोंद. ती पुढच्या मुक्कामी उतरल्यावर आठवणीने रद्द करायची, मग लगेच मागच्या यजमानाला फोन. सारटाइम रद्द करायला विसरलात तर यंत्रणेचा फोन त्यालाच जातो, आणि तो माणूस रात्री पिकअप काढून टॉर्च घेऊन पट्टी बघायला निघतो.