आमची वाटचाल: रद्दीपासून जेएसपर्यंत

आमचा धंदा मूळचा रद्दीचा, पुण्यात कॅम्पात, वडिलांनी सुरू केलेला. बंगल्यांतून इंग्रजी मासिकांचे गठ्ठे यायचे, ते वडील काट्यावर न टाकता बाजूला काढायचे कारण कॉलेजची पोरं नगावर पैसे मोजायची. आता रद्दी बंद, मी आणि बायको फक्त जुनी मासिकं विकतो, तीपण इन्स्टावर. आणि सगळ्यात जास्त विचारणा असते ती जेएसची.

जेएस म्हणजे ज्युनियर स्टेट्समन. कलकत्त्याच्या स्टेट्समन पेपरवाल्यांनी १९६७ ला काढलेलं तरुण पोरांचं साप्ताहिक, संपादक डेस्मंड डॉइग. हा माणूसच अवली, आधी गुरखा पलटणीत, मग चित्रकार-पत्रकार, एव्हरेस्टवाल्या हिलरींबरोबर यती शोधायला पण जाऊन आलेला! विनोदी स्तंभलेखक जुग सुरैया तिथेच घडले, शशी थरूर तर शाळेत असतानाच त्यात लिहायचे.

आता टीव्ही मुंबईत आला १९७२ ला, कलकत्त्यात १९७५ ला. त्याआधी रेडिओ सिलोनवर इंग्रजी गाणं ऐकू यायचं हो, पण गाणाऱ्याचे केस केवढे, पँट कसली हे बघणार कुठे? ते जेएसमध्ये, मधल्या पानांवरच्या पोस्टरमध्ये दिसायचं, आणि मग पोरं टेलरकडे जाऊन तश्शीच बेलबॉटम शिवून मागायची. अर्थात हे सगळं कॉन्व्हेंटवाल्यांचं जग, त्याच काळात आपली मराठी पोरं मुंबईत सायक्लोस्टाइल करून अनियतकालिकं, म्हणजे जमेल तेव्हा निघणारी छोटी मासिकं, काढत होती, तिथे पोस्टर कुठलं आलंय.

तर पोस्टर. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक अंकांत नेमकी मधली पानं गायब, पिना गंजलेल्या, कुठे ब्लेडने फोटोच कापून नेलेला. सुरुवातीला असले अंक कोणी घेईना म्हणून आम्ही स्वस्तात काढायचो. पण मला विचाराल तर कोरा करकरीत अंक म्हणजे कोणीतरी न वाचता कपाटात टाकलेला, आणि फाटका अंक म्हणजे त्यातलं पान कुठल्यातरी हॉस्टेलच्या भिंतीवर गेलेलं, वजन होतं ते त्याचंच. आता लिस्टिंगमध्ये कुठलं पान नाही ते स्पष्ट लिहितो आणि तरी लोक घेतात, एका काकांनी तर फक्त कापलेलेच मागवले.

१९७७ ला जेएस बंद पडलं, त्यामुळे माल मर्यादितच. सध्या ७० ते ७३ चा एक लॉट आलाय, थोडी कसर लागलीय पण वाचता येतं. हवे असतील तर डीएम करा, कुरिअर वेगळं, घासाघीस प्लीज नको.