आमची वाटचाल: लिस्बनच्या दगडांवरून

हॉटेलच्या दारात भेटल्या भेटल्या मी पाहुण्यांना सांगतो, आधी बूट दाखवा. काहींना राग येतो. पुण्याच्या एका बाई म्हणाल्या, "आम्ही टूर घेतलीय, मेडिकल नाही." अर्ध्या तासाने त्याच बाई माझा दंड धरून आल्फामा या जुन्या चढउताराच्या वस्तीच्या पायऱ्या उतरत होत्या. लिस्बनचा फुटपाथ म्हणजे कालसादा. पांढरी चुनखडी आणि काळा बेसाल्ट यांचे मुठीत मावतील असे तुकडे हाताने ठोकून बसवलेले. पावलांनी घासून घासून ते देवळाच्या पायरीसारखे गुळगुळीत झालेत. चार थेंब पडले की विहिरीचा शेवाळलेला काठ परवडला. चामड्याचा तळवा नको, नवा बूट तर अजिबात नको. हे फुकट सांगतोय, लिहून ठेवा.

आमची कंपनी म्हणजे मी, बायको आणि एक फोन. १३ वर्षं झाली. एका वेळी एकच कुटुंब, जास्तीत जास्त सहा माणसं, पायी.

मी डिचोलीचा, मराठी शाळेतला. वडिलांचा जन्म १९६१ च्या आधीचा, म्हणून पोर्तुगीज कागद मिळाले. गावातली बाकीची पोरं ते कागद घेऊन थेट इंग्लंडला गेली. मी लिस्बनला उतरलो आणि पुढच्या तिकिटाचे पैसे जमेपर्यंत म्हणून रॉसिउ चौकाजवळच्या एका खाणावळीत भांडी घासायला लागलो. पैसे जमले तोवर गाव आवडून गेलं होतं.

त्या खाणावळीत रोज दुपारी एकला एक म्हाताऱ्या बाई जेवायला यायच्या. इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका. सगळे त्यांना प्रोफेसोरा म्हणत, म्हणून मीही. मी ताट उचलताना काहीतरी विचारायचो, त्या उत्तर द्यायच्या आणि उलट मलाच प्रश्न घालायच्या. पूर्वी इथे गाईडचं काम परवानाधारकांपुरतंच होतं. २०११ मध्ये कायदा बदलला आणि ते सगळ्यांना खुलं झालं. देशात तेव्हा मंदी होती, खाणावळीतली माणसं कमी होत होती. प्रोफेसोरा म्हणाल्या, "मेनीनु, तुझ्या देशाची माणसं इथे येतात आणि त्यांना त्यांच्या भाषेत सांगणारं कोणी नसतं." मेनीनु म्हणजे पोरा. मी तेव्हा ३४ वर्षांचा होतो.

हिरव्या पावत्या, म्हणजे स्वतंत्र काम करणाऱ्याची बिलं, कशी फाडायची, पर्यटन नोंदणी, अपघाताचा विमा, सगळं त्यांनी शिकवलं. पण खरी पुंजी म्हणजे त्यांची चौकोनी रेघांची वही. तिच्यात इतिहास नव्हताच! बाक कुठे, संडास कुठे, सकाळी ११ ला सावली कुठल्या बाजूला, दुपारी ४ ला कुठल्या, कुठल्या चर्चच्या दारात बोललं तर आवाज घुमतो. किल्ल्यावर चढायचं तर रुआ दुश फांकैरुश या रस्त्यावरच्या इमारतीतली पालिकेची फुकट लिफ्ट पकडायची, मग पुढची दुसरी लिफ्ट, म्हणजे गुडघे निम्मे वाचतात. आज हे सगळ्यांच्या फोनवर असतं. तेव्हा फक्त त्या वहीत होतं.

सां दोमिंगुश चर्चपाशी वहीत एकच शब्द: गप्प. १५०६ मध्ये याच चर्चमधून ज्यूंची कत्तल सुरू झाली. १९५९ च्या आगीत आतले खांब तडकले, ते तसेच ठेवलेत. आधी बाहेर सांगायचं, मग आत न्यायचं आणि पाच मिनिटं तोंड उघडायचं नाही. हा नियम मी आजवर मोडलेला नाही. का सांगतोय ते पुढे येईल.

मराठी पाहुण्यांसाठी मी माझी भर घातली. नदीकाठचा मोठा चौक, इथली जुनी माणसं त्याला अजून तेरैरू दु पासू म्हणजे राजवाड्याचं पटांगणच म्हणतात. तिथे उभं राहून सांगतो की मराठीत ख्रिस्तपुराण रचणारे फादर स्टीफन्स ४ एप्रिल १५७९ ला या शहरातून जहाजात बसले आणि ऑक्टोबरात गोव्याला पोचले. साडेसहा महिने. विमानाच्या जेवणाबद्दल कुरकुरणारी माणसं एकदम गप्प होतात. मग मुलांसाठी शब्दांचा खेळ. चावी, पगार, पाव, बटाटा, पिंप, घमेलं, लिलाव, फीत. यातला तुमचा कुठला? सगळे इथले. एका नागपूरच्या आजोबांनी घमेल्यावरून माझ्याशी वाद घातला, शेवटी दुकानात नेऊन विचारावं लागलं.

आता नाशिकचे काका. आमच्या धंद्यात पॅक्स, म्हणजे पाहुणे, येतात आणि जातात, एखादाच माणूस उरतो. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. २०१३ च्या सप्टेंबरात काकूंबरोबर आले. कॅथेड्रलची घंटा वाजली तर रस्त्याच्या मधोमध थांबले. "आमच्या नारोशंकराच्या देवळात अशीच आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ ला वसई घेतली तेव्हाची." ट्राम मागे घंटा बडवतेय आणि हे हलायला तयार नाहीत.

बाइशा म्हणजे नदीकडच्या सखल भागात तर त्यांनी माझीच शिकवणी घेतली. १ नोव्हेंबर १७५५, सकाळची वेळ, ऑल सेंट्सचा सण, चर्चमध्ये मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंप, मग नदीतून समुद्राच्या लाटा, मग कित्येक दिवस आग. हे मी घडाघडा बोलायचो. नंतर राजाचा मंत्री पोंबाल याने गाव सरळ रेघांत नव्याने उभारलं, घराच्या भिंतींत लाकडी पिंजरा बसवला, त्याला गायओला म्हणतात, आणि त्याची परीक्षा म्हणे नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून घेतली. हेही बोलायचो. काकांनी विचारलं, "फुल्या का?" म्हटलं, कसल्या? "अरे, पिंजऱ्यात तिरपे वासे फुलीसारखे आहेत, ते का?" मला माहीत नव्हतं. मग फुटपाथवर बसून त्यांनी माझ्या वहीत चौकोन काढला. बोटाने ढकलला की चौकोन कलतो, तिरपा वासा घातला की कलत नाही. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर ते पुनर्वसनाच्या कामावर होते. "तिकडे जाड दगडमातीच्या भिंती, वर माळवदाचा भार. बांधून धरणारं काही नाही. पहाटे चारला झोपेत माणसं गेली." काकू म्हणाल्या, "पुरे आता." पण त्या दिवसापासून मी ती फुली काढून दाखवतो आणि काकांचं नाव न घेता किल्लारी सांगतो. लातूरकडचे लोक आले तर मात्र आधी विचारून.

दुसऱ्या दिवशी बेलेंला, म्हणजे नदीकाठच्या जुन्या बुरुजापाशी, माझी चांगलीच जिरली. मी ऐटीत म्हणालो, याच बुरुजापासून वास्को द गामा निघाला. काकांनी पाटी वाचली आणि शांतपणे म्हणाले, "तो १४९७ ला निघाला. हा बुरूज १५१४ ला सुरू झाला. मग निघाला कुठून, पायाच्या खड्ड्यातून?" कान लाल झाले. तेव्हापासून ते वाक्य बंद.

२०१४ ते २०१६ बरी गेली. लिहिण्यासारखं काही नाही. टुकटुक आल्या तेवढं सांगतो. आपली रिक्षाच, फक्त फुलंबिलं लावलेली. डोंबिवलीचं कुटुंब हजारो मैल येऊन रिक्षात बसतं आणि उतरल्यावर म्हणतं, मीटर नव्हता हो. मग रंगीत छत्र्या घेऊन फुकट टूरवाले आले. फुकट म्हणायचं आणि शेवटी टोपी फिरवायची. त्यांच्याशी माझं भांडण नाही. पन्नास माणसांना एकदम सांगणं हेही कसबच आहे, मला जमणार नाही.

भांडण आहे ते एका पोराशी. नाव घेत नाही, घेतलं तर त्याचीच जाहिरात. २०१५ मध्ये आमच्याकडे आला. हुशार, बोलका, पोर्तुगीज माझ्यापेक्षा साफ. बायको त्याला रविवारी जेवायला बोलवायची. शिकायला म्हणून मी माझी पहिली वही दिली, मराठीत लिहिलेली. प्रोफेसोरांना मराठी येत नव्हतं, म्हणून ती वही कोणी तपासलेली नव्हती, हे लक्षात ठेवा. दोन वर्षं ठेवून घेतलं, गायओलाची फुली शिकवली, बेलेंचा गेंडा शिकवला. २०१७ च्या मार्चमध्ये, सीझनच्या तोंडावर, फोनवर दोन ओळी: "दादा, मी स्वतःचं सुरू करतोय. आशीर्वाद असू द्या." आशीर्वाद दिला. तीन आठवड्यांनी कळलं की आमच्या जुन्या पाहुण्यांची नंबरांची यादी त्याच्याकडे आहे, आणि मुंबईच्या ज्या ट्रॅव्हल कंपनीचं काम आम्हाला यायचं ते त्याच्याकडे वळलंय, आमच्यापेक्षा तिसरा हिस्सा कमी दरात. जाहिरातीत लिहिलेलं, लिस्बनमधली पहिली मराठी वॉकिंग टूर.

पहिली!

वर्षभर मी घरात कोणाशी नीट बोललो नाही. मार्ग त्याने घेतला, विनोद घेतले, घमेल्याचा खेळ घेतला. एके दिवशी सां दोमिंगुशमध्ये पाहिलं, त्याचे लोक तडकलेल्या खांबांना टेकून सेल्फी काढत होते आणि तो सगळ्यांना जवळ सरका म्हणत होता. प्रोफेसोरा शेजारी होत्या. त्या म्हणाल्या, "चल, कॉफी पिऊ." एवढंच. त्या २०१९ च्या हिवाळ्यात गेल्या. शेवटच्या आजारपणातसुद्धा विचारत होत्या, लिफ्ट चालू आहे ना?

या धंद्यात नवीन येणाऱ्यांना एक सांगतो: पाहुण्यांची यादी बायकोच्या फोनवर ठेवा, तुमच्या नाही. आणि ॲडव्हान्स घ्या. लाजू नका. मी लाजलो आणि २०२० मध्ये भोगलं.

मार्चमध्ये इथे आणीबाणी लागली, त्याच महिन्यात भारतात लॉकडाऊन. दहा दिवसांत सगळं वर्ष रद्द झालं. ज्यांच्याकडून ॲडव्हान्स घेतला होता त्यांनी परत मागितला, ज्यांच्याकडून घेतला नव्हता त्यांनी फोनही केला नाही. मी रात्रपाळीला गोदामात खोकी उचलायला लागलो. ज्या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसायची तिथे कबुतरं फुटपाथच्या मधोमध बसायची.

मेमध्ये काकांचा फोन आला. "आमचं सकाळच्या फिरण्याचं मंडळ घरात कोंडलंय. तू फोन घेऊन चाल, आम्ही बघतो." म्हटलं, फुकट करतो. काका चिडले. "फुकट घेतलेलं कोणी लक्ष देऊन बघत नाही." माणशी २०० रुपये ठरले. दर रविवारी बायको फोन धरायची, मी मास्कमधून बोलायचो. इथले सकाळचे ११ म्हणजे नाशिकला दुपारचे साडेतीन, म्हणजे चहा. तीसेक म्हातारी माणसं चौकोनांत दिसायची. कोणाचा पंखा दिसायचा, कोणाचं नुसतं कपाळ. एक आजी प्रत्येक वेळी विचारायच्या, "जेवलात का?" भाडं त्यातून सुटलं नाही, ते गोदामातूनच गेलं. विजेचं आणि फोनचं बिल मात्र सुटलं. पण मुख्य म्हणजे मला रविवारी दाढी करावीशी वाटायची. काकांनी वर आणखी पुढच्या टूरचा पूर्ण ॲडव्हान्स पाठवला आणि बजावलं, "परत केलास तर बघ." ती टूर व्हायला २०२३ उजाडलं.

तोवर काका ८१ चे झाले होते. काकू आदल्या वर्षी गेल्या होत्या, मुलगी बरोबर होती. किल्ला बाद, आल्फामा बाद. नदीकाठच्या चौकापासून रुआ औगुश्ता रस्त्याच्या कमानीपलीकडे थोडंसं, असं तीनशे मीटर आम्ही तीन तास चाललो. घडीचं स्टूल माझ्या खांद्यावर. जुझे राजाच्या पुतळ्याखालचा हत्ती त्यांनी चारही बाजूंनी बघितला. त्या हत्तीवर माझी कितीतरी वर्षं दोन मिनिटांत बोळवण व्हायची. कमानीच्या सावलीत काकांनी मुलीला वहीत चौकोन काढून दाखवला. दर मात्र पूर्ण दिवसाचाच लावला, त्यांनीच लावायला लावला.

दुसऱ्या दिवशी टॅक्सीने बेलें, कारण गेंडा राहिला होता. १५१५ मध्ये गुजरातच्या सुलतानाने दिलेला गेंडा गोव्याहून जहाजात घालून इथे आणला होता. राजाने त्याला हत्तीसमोर सोडलं, हत्तीच पळून गेला. पुढे पोपला भेट म्हणून पाठवताना जहाज इटलीजवळ बुडालं. बुरुजाच्या कोपऱ्यातल्या एका छोट्या पहाऱ्याच्या मनोऱ्याखाली त्याचं दगडी डोकं आहे. इतकं झिजलंय की कोणी दाखवल्याशिवाय दिसत नाही. माझ्याकडे त्यासाठी छोटी दुर्बीण असते. मी काकांना स्टुलावर बसवलं, दुर्बीण दिली, कोन सांगितला.

इतक्यात मागून ओळखीचा आवाज. झेंडा, पंचवीस माणसं, सगळ्यांच्या कानात यंत्रं. "तर मंडळी, याच बुरुजापासून वास्को द गामा..."

माझी पहिली वही, पान सातवं. शब्द न शब्द.

काकांनी दुर्बीण खाली घेतली, स्टुलावरच वळले आणि काठी उंच केली. "१४९७ ला हा बुरूज नव्हता रे बाळा! १५१४ ला काम सुरू झालं!"

कडेच्या दोघीतिघींनी कानातलं यंत्र काढून काकांकडे पाहिलं, मग पाटीकडे. तो झेंडा उंच धरून पुढे चालत राहिला. ऐकू गेलं की नाही, सांगता येत नाही. काकांनी दुर्बीण परत डोळ्याला लावली.

"दिसला रे. पण याचं शिंग कुठाय?"

"झिजलं, काका."

"मग हा गेंडा कशावरून?"