तीस सेकंदांची मैना

मुंबई, 18 जुलै, रात्र

आज अण्णा भाऊ साठे यांचा स्मृतिदिन. सकाळी शाळेत पोहोचण्यापूर्वीच माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने स्वतः तयार केलेली रील मला पाठवली आणि खाली लिहिले, ‘बाई, बघा आणि सांगा.’ आठवीत असताना चित्रकलेच्या तासाला शेवटच्या बाकावर बसून तो चित्रपटांची पोस्टरे काढत असे. आता तो व्हिडिओ संकलनाचे काम करतो. ‘माझी मैना गावावर राहिली’ या अण्णा भाऊंच्या छक्कडीच्या, म्हणजे एका प्रकारच्या लावणीच्या, सुरुवातीच्या ओळी त्याने नव्या तालावर बसवल्या होत्या. पडद्यावर पावसातली लोकल, दाराच्या दांड्याला धरलेला हात, एसटीच्या खिडकीतून मागे जाणारे शेत आणि शेवटी अण्णा भाऊंचे छायाचित्र व ‘विनम्र अभिवादन’ अशी अक्षरे होती. सगळे मिळून तीस सेकंद. मला ते मनापासून आवडले आणि मी ते लगेच माझ्या पानावर टाकले.

संध्याकाळी घाटकोपरला आत्याकडे गेले होते. ती आता 84 वर्षांची आहे, नजर अधू झाली आहे, कान मात्र अजून शाबूत आहेत. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात होते आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत तिला सोबत घेऊन सभांना जात असत. तेव्हा ती चौदा-पंधरा वर्षांची होती. मी फोन तिच्या कानाशी धरला. तिने डोळे मिटून रील ऐकली, संपल्यावर थोडा वेळ तशीच बसली आणि मग म्हणाली, “छान आहे गं. पण पुढचं कुठं गेलं? बेळगाव कुठं गेलं?”

ज्यांनी ही छक्कड पूर्ण ऐकली आहे त्यांना आत्याच्या प्रश्नाचा अर्थ लगेच कळेल. सुरुवातीला मैनेच्या रूपाचे आणि तिच्यावाचून होणाऱ्या जिवाच्या काहिलीचे वर्णन आहे, हे खरे. पण त्यानंतर ताटातूट का झाली ते येते, आणि त्याचे कारण गरिबी असे सांगितले जाते; मग मुंबई येते, तिथली बेकारांची गर्दी येते; मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ उभी राहते, आणि अखेरीस शाहीर सांगतो की गावाकडच्या मैनेची आणि आपली जशी भेट नाही तशीच गत या खंडित महाराष्ट्राची झाली आहे, कारण बेळगाव, कारवार, डांग आणि उंबरगाव दुसऱ्यांच्या ताब्यात आहेत. बायको, भाकरी, नोकरी, शहर आणि राज्याची सीमा हे सगळे एकाच दमात गायले जाते. खोलीत दहा-पंधरा जणांनी पाळीपाळीने पथारी टाकायची, खानावळीत जेवायचे आणि वर्षातून एकदा गावी जायचे, असे जगणाऱ्या गिरणी कामगाराला हे ऐकताना प्रेम कुठे संपले आणि राजकारण कुठे सुरू झाले असा प्रश्न पडला असेल, असे मला वाटत नाही.

गेली सहा वर्षे मी समाजमाध्यमांवर लिहिते आहे. मुलांची चित्रे, जुन्या दुकानांच्या पाट्या, पाहिलेले चित्रपट आणि नाटके, आणि त्यांच्याच शेजारी सफाई कामगारांचे मृत्यू, जातीवरून झालेला छळ, झोपडपट्टीवर फिरलेला बुलडोझर असे सारे काही माझ्या पानावर असते. त्याबद्दल मी बरेच ऐकूनही घेतले आहे. एका नातेवाइकाने लिहिले होते, ‘तुझ्या रांगोळ्या फार सुंदर असतात, त्यांत हे राजकारण कशाला कालवतेस?’ दुसऱ्या बाजूने, चळवळीत आयुष्य घालवलेल्या एका ज्येष्ठ मैत्रिणीने तितक्याच कळकळीने विचारले होते की इतक्या गंभीर प्रश्नाच्या खाली सिनेमाचे गाणे लावून मी त्याचे गांभीर्य घालवत तर नाही ना. दोघांनाही मी एकच उत्तर देत आले, की या गोष्टी मुळातच एकत्र आहेत. ते उत्तर आजही मला खरे वाटते. परंतु आत्याच्या प्रश्नानंतर मला प्रथमच दिसले की सगळे एकत्र करण्याचा जो आरोप माझ्यावर होतो, त्याच्या अगदी उलट गोष्ट आज सकाळी माझ्या हातून घडली होती. अण्णा भाऊंनी जे एकत्र बांधले होते ते आम्ही सुटे केले, त्यातले गोड तेवढे उचलले आणि त्यांचाच फोटो लावून लोकांना वाटले.

आमच्याकडे ही जोडणी किती जुनी आहे, हे मी मुलांना नेहमी सांगते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 1907 मध्ये ‘कीचकवध’ लिहिले तेव्हा महाभारतातील कथा आणि नाटक हीच त्या काळची लोकप्रिय करमणूक होती. प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन ओळखला, द्रौपदीत देश ओळखला, आणि सरकारनेही ते ओळखून 1910 मध्ये नाटकावर बंदी घातली. अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी 1944 मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा त्यांनीही कामगारांना आधीपासून आवडणारा तमाशाच हाती घेतला. छक्कड हा तर लावणीचाच प्रकार. जे गाणे ऐकायला माणूस स्वतःहून पैसे मोडून जातो, त्याच गाण्यात त्याच्या पगाराचा आणि भाड्याचा हिशेब घालायचा, हे त्यांचे काम होते. म्हणून लोकप्रिय गाण्याचा आधार घेतल्याने प्रश्न हलका होतो, हे माझ्या मैत्रिणीचे म्हणणे मला पटत नाही. मात्र त्यांचा श्रोता मैदानात बसलेला असे. पहिल्या कडव्यावर शिट्टी वाजवणारा माणूस शेवटच्या कडव्यापर्यंत तिथेच असे, आणि शाहिरालाही त्याचा चेहरा दिसत असे. माझ्या पानावर आज सकाळपासून शेकडो माणसे आली आणि गेली, आणि त्यांच्यापैकी बेळगावपर्यंत पोहोचण्याची सोय एकाही माणसासाठी मी ठेवली नव्हती.

मागच्या आठवड्यात, 11 जुलैला, मी घाटकोपरच्याच रमाबाई आंबेडकर नगराबद्दल लिहिले होते. 1997 मध्ये त्या दिवशी बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचे पाहून लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात 10 जणांचा बळी गेला. त्यानंतर काही दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी त्या दुःखात आपले जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांनी तिथून सुरुवात करून 14 वर्षे चित्रीकरण केले आणि 2011 मध्ये ‘जय भीम कॉम्रेड’ हा तीन तासांहून मोठा माहितीपट पूर्ण केला. मी मात्र घोगऱ्यांच्या गाण्याचा एक तुकडा आणि दोन ओळी टाकल्या होत्या. त्या पोस्टखाली कुणीतरी ‘काय आवाज आहे!’ असे लिहिले. आवाज खरोखरच तसा आहे. परंतु ज्या दहा माणसांमुळे मी लिहायला बसले होते, त्यांच्याविषयी एकानेही विचारले नाही, आणि आज मला त्याबद्दल वाचणाऱ्यांपेक्षा माझ्या त्या दोन ओळींवर अधिक राग येतो आहे.

लहान तुकडा नेहमीच अपुरा पडतो, असेही म्हणता येणार नाही. नागराज मंजुळे यांच्या 2022 मधील ‘झुंड’मध्ये अमिताभ बच्चन यांनी साकारलेला प्रशिक्षक बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर हात जोडतो. ते दृश्य काही क्षणांचे आहे, पण ते फोनवर एकटे पाहिले तरी त्यातून काही गळत नाही, कारण कोण कुणासमोर हात जोडतो आहे हे त्या एकाच चौकटीत आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलीने ते चित्र वहीत काढले होते आणि त्यात प्रशिक्षकापेक्षा बाबासाहेब मोठे काढले होते. मी तिला प्रमाण चुकले असे सांगितले नाही.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवायला हवी, कारण ती टाळून ही नोंद प्रामाणिक होणार नाही. मी पुष्कळदा तुकडा लहान ठेवते तो वेळेच्या अभावी नव्हे, तर भीतीने. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद असताना, त्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिल्यामुळे पालघरच्या एका तरुणीला आणि ते लिखाण लाइक केल्यामुळे तिच्या मैत्रिणीला अटक झाली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ज्या 66 अ कलमाखाली अशा अटका होत, ते सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केले. कलम गेले, पण बोट टेकवण्यापूर्वी क्षणभर थांबण्याची जी सवय त्या दिवसांत लागली ती माझ्या हातातून अजून गेलेली नाही. गाण्याचे पहिले कडवे सुरक्षित असते. त्यावर कुणी गुन्हा दाखल करीत नाही, कुणी शाळेत तक्रारही करीत नाही.

रात्री विद्यार्थ्याला फोन केला आणि आत्या जे म्हणाली ते जसेच्या तसे सांगितले. तो आधी म्हणाला, “बाई, तीस सेकंदांच्या पुढे कोणी थांबत नाही.” मग थोडा वेळ काहीच बोलला नाही. नंतर हळूच विचारले, “पुढे बेळगाव आहे, हे मला माहीतच नव्हते. आजी म्हणतील का?”

20 जुलै

आज तो कॅमेरा घेऊन आत्याकडे आला. जाण्यापूर्वी मी त्याला चिरागनगरच्या रस्त्याने नेले, कारण अण्णा भाऊ कितीतरी वर्षे तिथल्या झोपडीत राहिले आणि तिथेच लिहीत राहिले, हेही त्याला ठाऊक नव्हते. आत्याने आधी चहा केला, त्याचे गाव विचारले, त्याची आई काय करते ते विचारले आणि मग खुर्चीत ताठ बसून म्हणायला सुरुवात केली. मैनेच्या वर्णनात तिच्या दोन ओळी मागेपुढे झाल्या, त्या तिने स्वतःच थांबून सरळ केल्या. मुंबईपाशी दम लागला. मी पाणी पुढे केले तर तिने हातानेच नको म्हटले आणि बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही चारही नावे तिने एका श्वासात, मांडीवर हाताने ठेका धरत घेतली.

चित्रीकरण सहा मिनिटांचे झाले आहे. ते कापायचे नाही असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. खाली काय लिहायचे ते मी आत्ता लिहिते आहे: छक्कड कुणाची, कुणासाठी, कोणत्या वर्षांतल्या कोणत्या मागणीसाठी, आणि गाणारी कुणाची मुलगी. आजोबांचे खाते लिहिले आहे. गिरणीचे नाव लिहू का, हे उद्या सकाळी आत्याला विचारते.