आमची वाटचाल : बेसमेंटपासून बार्टन स्ट्रीटपर्यंत

२०१३ साली कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात, घराच्या बेसमेंटमध्ये आम्ही नवरा-बायकोने लोकांचे हिशेब लिहायला सुरुवात केली. पहिलं गिऱ्हाईक एक ट्रकवाला. तो महिन्याच्या पावत्या पिठाच्या रिकाम्या पिशवीत कोंबून आणायचा. आधी पीठ झटकायचं, मग आकडे लिहायचे.

तिसऱ्या वर्षी एका गिऱ्हाइकाने आमचे आठ महिन्यांचे पैसे थकवले. माणूस लबाड नव्हता. नावावर दोन दुकानं, एक प्लॉट. हातात मात्र दमडी नाही. त्याच उन्हाळ्यात पाहुण्यांना डंडर्न कॅसल हा इथला जुना वाडा दाखवायला नेलं, तर तिथे मला या गिऱ्हाइकाचा थोरला भाऊ शोभेल असा माणूस भेटला, इतिहासातला : वाडा बांधणारा सर ॲलन मॅकनॅब!

स्कॉटिश वंशाच्या लष्करी घरातला हा गडी, जन्म १७९८ चा. १८२६ मध्ये सनद मिळाली आणि त्याने हॅमिल्टनला वकिली थाटली. पण जीव रमला तो जमिनीच्या खरेदी-विक्रीत. १८२९ मध्ये विधानसभेच्या समितीपुढे तोंड उघडायला नकार दिला म्हणून तुरुंगात गेला आणि दुसऱ्या वर्षी त्याच विधानसभेवर निवडून आला! १८३७ च्या बंडात सरकारच्या बाजूने लढला, 'सर' झाला. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा अध्यक्ष, पुढे १८५४ ते १८५६ कॅनडा प्रांताचा पंतप्रधान. 'रेल्वे हेच माझं राजकारण,' असं बिनदिक्कत म्हणायचा. आमच्या धंद्यात याला दोन खाती एकात मिसळणं म्हणतात.

१८३५ मध्ये पुरा झालेला तो वाडा आज संग्रहालय आहे. ब्रिटनच्या राणी कॅमिला मॅकनॅबच्याच वंशातल्या, हेही इथे कौतुकाने सांगतात. मी मात्र एकाच वाक्यापाशी अडलो : १८६२ मध्ये हा माणूस गेला तो डोक्यावर कर्जाचा डोंगर ठेवून. तळघरातलं भलंमोठं स्वयंपाकघर पाहून बायको म्हणाली, "अहो, एवढ्या नोकरांचा पगार कुठून देत असेल हो?"

घरी आल्यावर आम्ही नव्या गिऱ्हाइकाचा फॉर्म बदलला. मालमत्तेचा रकाना खाली गेला. पहिला प्रश्न झाला : येत्या शुक्रवारचे पगार कशातून देणार? दोघे-तिघे चिडून निघून गेले. उरलेल्यांच्या जोरावर २०१९ मध्ये बार्टन स्ट्रीटवर गाळा घेतला, भाड्याने. आज आम्ही पाच जण आहोत.

त्या थकबाकीवाल्याने एक दुकान विकलं आणि आमचे पैसे चुकते केले. त्याचे हिशेब अजून आमच्याकडेच असतात. प्लॉट मात्र अजून विकत नाही.