आधी काळा, मग चंदेरी

चवथीआधी चिंचेने घासलेल्या समईचा रंग नेमका कुठला, हे सांगणं कठीण. खिडकीकडे वळवली तर तिच्यावर आभाळ, भिंतीकडे वळवली तर चुना. धातूचा स्वतःचा रंग थोडा, बाकी सगळी उसनवारी. प्लास्टिकचे तुकडे जोडून केलेल्या मॉडेल विमानाला डबीतला चंदेरी रंग ब्रशने फासला की ते जत्रेतल्या खेळण्यासारखं दिसतं, ते यामुळेच. त्यातले जाडसर कण वेडेवाकडे पडतात, उजेड भलतीकडे फेकतात आणि प्रतिबिंब काही उमटत नाही.

कल्हईवाल्याचं निम्मं कौशल्य भांडं साफ करण्यात असतं. मॉडेलवर धातूची चकाकी आणतानाही तसंच. सांध्यांवरची पुट्टी आधी 600, मग 1000, मग 2000 नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासायची. मग धूळ पुसून हातमोजे घालायचे, कारण बोटाचा तेलकट ठसाही पुढे दिसतो. त्यावर एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंगाचा बारीक फवारा मारणाऱ्या पेनने, चकचकीत काळ्याचे पातळ थर. वाळलेल्या काळ्यात ट्यूबलाइटची कड सरळ दिसली तर पुढे जावं. थरथरली तर पुन्हा घासावं. कंटाळवाणं आहे खरं, पण चंदेरीचा थर इतका झिरझिरीत असतो की खालचा ओरखडा तो झाकत नाही, उलट चव्हाट्यावर आणतो.

काळ्याला दोन दिवस तरी द्यावेत. वरून कोरडा पण आतून कच्चा राहिला, तर त्यावर उडवायचा चंदेरी लॅकर, म्हणजे झपाट्याने वाळणारा रंग, त्याला सुरकुत्या पाडतो. अल्क्लॅड या ब्रँडसारखा लॅकर बाटलीत पातळ होऊनच येतो, त्यात थिनर घालायचा नाही. तोंडाला मास्क, एअरब्रशच्या हवेचा दाब 12 ते 15 पीएसआय, अंतर दोन-तीन इंच आणि धुक्यासारखे फेरे. काळ्यातून ॲल्युमिनियम हळूहळू उगवतं, आणि ते उगवलं की हात आवरायचा. हौसेने मारलेल्या जादा फेऱ्यांनी पुन्हा मेलेला राखाडीच हाती येतो.

गोव्यात जून ते सप्टेंबर हे काम म्हणजे हवेशी भांडण. लॅकरमधला द्राव झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि चकाकीवर दुधाळ साय धरते. एअरब्रशला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर नसेल, तर नळीत साचलेलं पाणी ऐन पंखावर थुंकतं. एसी ‘ड्राय’ मोडवर तासभर चालवून मगच बाटली उघडावी. (मांडवीतल्या खनिजाच्या बार्जचं मॉडेल करणारे सुखी. त्यांना गंज हवा असतो, आणि गंजाला पावसाळा मानवतो.)

सगळं विमान एकाच चंदेरीत रंगवणं ही मात्र हवेची चूक नव्हे. बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात सुपर कॉन्स्टेलेशन हे चार इंजिनांचं जुनं विमान उभं आहे. एवढ्या मोठ्या विमानाजवळ गेलं की कळतं, त्याची कातडी म्हणजे रिव्हेटांनी जोडलेले कितीतरी पत्रे. उघड्या धातूच्या विमानावर असा प्रत्येक पत्रा उजेड वेगळा धरतो. म्हणून मूळ थर दिवसभर वाळवून काही चौकोन टेपने वेगळे काढावेत आणि त्यांवर एक छटा गडद चंदेरी उडवावी. टेप आधी तळहाताला दोनदा चिकटवून तिचा जोर मोडायचा, नाहीतर ती चंदेरीसकट निघते.

वरून वॉर्निश मारायचा मोह होतोच. बहुतेक वॉर्निशं चकाकी मंदावतात, तेव्हा जिथे हात लागणार नाही ती जागा उघडीच बरी. एक्झॉस्टच्या नळ्यांना तर लॅकरही लागत नाही. मॅट काळ्यावर 6बी पेन्सिलीची पूड बोटाने चोळली की जळकं पोलाद तयार.