घड्याळ लावून कोसळणारा धबधबा

आपल्याकडे इटलीच्या सहलीचे बेत बहुधा रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस या तीन नावांभोवती फिरतात, आणि रोमहून फ्लॉरेन्सला निघालेली आगगाडी वाटेत उंब्रिया नावाच्या प्रदेशातून जाते, हे खिडकीशी बसलेल्यांच्याही अनेकदा ध्यानात येत नाही. समुद्रकिनारा नाही आणि परदेशाची सीमाही नाही, असा इटलीच्या द्वीपकल्पातला हा एकच प्रदेश आहे. टेकड्यांच्या माथ्यांवर दगडी तटबंदीची गावे, उतारांवर ऑलिव्हची झाडे आणि द्राक्षमळे, तळाशी गव्हाची शेते, असा त्याचा साधारण नकाशा. तिथे काय पाहावे असे कोणी विचारले, की मी उलट विचारते, कधी जाणार? कारण उंब्रियातल्या पाहण्यासारख्या बहुतेक गोष्टींनी आपापली वेळ ठरवून टाकलेली आहे आणि पाहुण्याच्या सोयीसाठी ती बदलण्याची तिथे पद्धत नाही.

तेर्नी शहराजवळचा मार्मोरेचा धबधबा तर अक्षरशः वेळापत्रकावर चालतो. तीन टप्प्यांत मिळून १६५ मीटर कोसळणारा हा प्रपात निसर्गाने घडवलेलाच नाही. रिएती येथील सपाटीवर वेलिनो नदीचे पाणी साचून दलदल होत असे, म्हणून इ.स.पू. २७१ मध्ये मानियुस कुरियुस देन्तातुस या रोमन अधिकाऱ्याने कालवा खणून ते पाणी कड्यावरून खालच्या नेरा नदीत सोडले. वरच्यांची जमीन कोरडी झाली आणि खालच्यांना पुराची धास्ती लागली. हे भांडण पुढे इतके चिघळले की इ.स.पू. ५४ मध्ये रोमचा नामांकित वक्ता सिसेरो खुद्द रिएतीकरांची बाजू मांडायला उभा राहिला. पाणीवाटपाचे तंटे किती जुने असू शकतात, हे आपल्याला निराळे सांगायला नको. विसाव्या शतकात हे पाणी वीजनिर्मितीकडे वळले, त्यामुळे आता दिवसाचा बराच वेळ कड्यावरून नावापुरतीच धार वाहते. ठरलेल्या वेळी भोंगा वाजतो, वरची दारे उघडतात, आणि नळाला पाणी येण्याची वाट पाहावी तशी वाट पाहत थांबलेल्या लोकांच्या अंगावर काही क्षणांत तुषार उडू लागतात. इतका भव्य देखावा आणि इतका सरकारी शिस्तीचा, ही जोडी मला फार आवडते.

दुपारची गोष्टही तशीच. लहान गावांत एकच्या सुमारास दुकानांची दारे ओढून घेतली जातात आणि साडेतीन-चारपर्यंत साधी पाण्याची बाटली मिळण्याचीही मारामार होते. अशा वेळी मुक्काम ओर्व्हिएतोला असेल तर खुशाल विहिरीत उतरावे. १५२७ मध्ये रोमची लूट झाल्यावर पोप सातवा क्लेमेंट या कड्यावरच्या गावात आश्रयाला आला, आणि वेढा पडला तर पाणी कुठून आणायचे या चिंतेतून त्याने आंतोनियो दा सांगाल्लो या वास्तुरचनाकाराकडून सुमारे ५३ मीटर खोल विहीर खोदवून घेतली. तिला एकमेकांभोवती वळत जाणारे दोन स्वतंत्र जिने आहेत. एकाने रिकामी खेचरे उतरत आणि दुसऱ्याने पाणी लादलेली खेचरे चढत, त्यामुळे वाटेत त्यांची कधी गाठच पडत नसे. २४८ पायऱ्या उतरताना भिंतीतल्या खिडक्यांमधून समोरच्या जिन्यावरची माणसे दिसतात. मात्र चढताना कोणाला पाहण्याइतका दम उरत नाही.

फुलांसाठी जायचे तर कास्तेल्लुच्चो. सुमारे १४५० मीटर उंचीवरच्या या गावाखाली डोंगरांनी वेढलेले विस्तीर्ण पठार आहे आणि तिथे पिकतो मसूर, आपल्याकडच्या मसुराचाच बारीक दाण्याचा, पातळ सालीचा भाऊबंद, जो भिजत घालावा लागत नाही. फुले या पिकाची नव्हेत, त्यात माजलेल्या तणाची. तणनाशक मारले जात नाही, त्यामुळे रानमोहरीची पिवळी, खसखशीच्या जातीची लाल आणि कॉर्नफ्लॉवर नावाच्या तणाची निळी फुले मेअखेरीपासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत पट्ट्यापट्ट्यांनी उमलतात. नेमकी कोणत्या आठवड्यात, ते त्या वर्षीचे बर्फ आणि पाऊस ठरवतात. २०१६ च्या भूकंपाने गावातली बहुतेक घरे जमीनदोस्त केली, तरी शेतकऱ्यांनी पुढच्या वसंतात पेरणी केलीच. हा मसूर लसूण आणि ऑलिव्ह तेल घालून नुसता शिजवतात. डुकराच्या मांसाच्या पदार्थांसाठी नावाजलेले नोर्चा शेजारीच असल्यामुळे शाकाहारी माणसाला या वाटीचे महत्त्व अधिक कळते.

उत्सवांच्या वेळाही अशाच ठरलेल्या. गुब्बियो येथे १५ मे रोजी संतांच्या मूर्ती बसवलेले तीन अवजड लाकडी स्तंभ खांद्यावर घेऊन लोक डोंगरावरच्या देवळापर्यंत धावतात. संत उबाल्दो पहिला, जॉर्ज दुसरा आणि अँथनी तिसरा हा क्रम कायमचा ठरलेला असून कोणी कोणाला मागे टाकायचे नसते. निकाल आधीच माहीत असलेल्या शर्यतीत माणसे जिवाच्या आकांताने का धावतात, हे प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज पटत नाही. स्पेल्लो गावात जूनच्या आसपास, कॉर्पस क्रिस्टी या ख्रिस्ती सणाला, रात्रभर जागून रस्त्यांवर पाकळ्यांची चित्रे काढली जातात आणि रविवारी धार्मिक मिरवणूक त्यांच्यावरून चालत जाते. उशिरा उठणाऱ्याला त्यातले फारसे काही दिसत नाही.

जूनमधली फुले आणि नोव्हेंबरात निघणारे ऑलिव्हचे नवे तेल एका सहलीत साधत नाही, आणि निवड करायचीच झाली तर मी नोव्हेंबर निवडेन. जूनमध्ये कास्तेल्लुच्चोच्या घाटात मोटारींची रांग लागते. नोव्हेंबरात डोंगर धुक्यात असतात, हॉटेले निम्मी रिकामी असतात आणि स्पोलेतो ते असिसीच्या पट्ट्यात ऑलिव्हची तोडणी चालू असते. शेतघरात उतरले तर यजमान दिवसभर झाडांखाली जाळी पसरण्यात गुंतलेला असतो, पाहुण्याकडे बघायला त्याला अंधार पडल्यावरच सवड होते. मग तो घाण्यावर घेऊन जातो. तिथे विस्तवावर भाजलेल्या पावाला लसणाची पाकळी घासून त्यावर हिरवेगार, घशाला झोंबणारे ताजे तेल ओततात. उंब्रियाच्या पावात मीठ नसते. पोप तिसऱ्या पॉलने १५४० मध्ये मिठावर लादलेल्या कराचा तो निषेध, असे तिथले लोक अभिमानाने सांगतात; इतिहासकारांना ही कथा तितकीशी मान्य नाही, पण घाण्यावर उभे राहून ती खोडून काढण्याचा आगाऊपणा कोणी करू नये, कारण दुसरा तुकडा त्यांच्याच हातून मिळायचा असतो.