विंडोज, मॅक आणि लिनक्ससाठी एकच पेनड्राईव्ह : माझा अनुभव

आमच्या हौशी नाट्यगटात दिग्दर्शकांकडे विंडोज आहे, पार्श्वसंगीत करणारा मुलगा मॅकवर काम करतो आणि प्रकाशयोजना बघणारी मैत्रीण उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) वापरते. रंगीत तालमीचं सलग चित्रीकरण ११ जीबीचं झालं. एवढी फाईल घरच्या इंटरनेटवरून चढवत बसण्यापेक्षा पेनड्राईव्ह हातोहात फिरवणं सोपं, म्हणून ६४ जीबीचा ड्राईव्ह घेतला आणि तो नीट तयार करायचं काम मी अंगावर घेतलं.

ड्राईव्ह आला तो फॅट३२ मध्ये, म्हणजे ड्राईव्हवर फाईली मांडून ठेवण्याच्या एका जुन्या पद्धतीत (फॉरमॅटमध्ये). ही पद्धत १९९६ पासूनची आणि जवळपास सगळीकडे चालणारी, पण तिच्यात एका फाईलचा आकार ४ जीबीच्या वर जाऊ शकत नाही. ड्राईव्ह पूर्ण रिकामा असला तरी विंडोज ‘फाईल फार मोठी आहे’ असं सांगून थांबतं. पुष्कळ जण अशा वेळी ड्राईव्ह खराब समजून दुकानात परत नेतात. खरं तर ड्राईव्ह चांगला असतो, फक्त फॉरमॅट बदलायचा असतो.

एनटीएफएस या विंडोजच्या फॉरमॅटचा विचार केला, पण मॅक तो नुसता वाचतो. त्यावर लिहायचं तर वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागतं. आमच्या संगीतकाराला तर तयार तुकडे त्याच ड्राईव्हवर परत द्यायचे होते. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर काहीही टाकायला लावायचं नाही, ही माझी अट होती. त्या अटीत बसला तो एक्सफॅट हा फॉरमॅट. मायक्रोसॉफ्टने तो २००६ मध्ये आणला. मॅकवर तो बऱ्याच वर्षांपासून चालतो आणि लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) २०१९ च्या ५.४ आवृत्तीपासून आहे. मैत्रिणीचं उबुंटू त्यानंतरचं असल्यामुळे तिला काही करावं लागलं नाही. त्याहून जुनं लिनक्स असेल तर मात्र एक्सफॅट-फ्यूज हे पॅकेज एकदा टाकून घ्यावं लागतं.

फॉरमॅटचं काम विंडोजवरच केलं. ड्राईव्हवर राईट क्लिक, फॉरमॅट, एक्सफॅट, क्विक फॉरमॅट. अलोकेशन युनिट (जागेच्या एका तुकड्याचा आकार) आधीपासून होतं तेच ठेवलं. त्याआधी ड्राईव्हवर काही नाही ना, हे पाहिलं, कारण फॉरमॅट मारला की आतलं सगळं जातं. नाव ‘NATAK’ असं छोटंच दिलं, कारण एक्सफॅटमध्ये ड्राईव्हच्या नावाला ११ अक्षरांचीच जागा असते. फाईलींची नावं मात्र मराठीत ठेवली आणि ती तिन्हीकडे व्यवस्थित दिसली. नावात प्रश्नचिन्ह किंवा विसर्गासारखा दिसणारा कोलन नको, एवढं सगळ्यांना सांगितलं. मॅकवर प्रश्नचिन्हाचं नाव चालून जातं, विंडोज मात्र ही दोन्ही चिन्हं घेत नाही.

मग खरी परीक्षा. नुसतं ‘उघडतंय’ यावर माझा विश्वास बसत नाही, कारण व्हिडिओचा शेवटचा भाग तुटलेला असला तरी सुरुवात छान चालते. म्हणून मूळ फाईलचा एसएचए-२५६ हॅश (फाईलमधल्या माहितीवरून निघणारी, तिच्या बोटाच्या ठशासारखी अक्षरांची ओळ) विंडोजवर सर्टयूटिल या विंडोजमधल्याच आज्ञेने काढला. ड्राईव्हवरून कॉपी झाल्यावर तोच हॅश मॅक आणि उबुंटूच्या टर्मिनलमध्ये (आज्ञा टाईप करायच्या खिडकीत) काढायला लावला. ६४ अक्षरांची ओळ तिन्हीकडे सारखी आली, तेव्हा मला समाधान वाटलं. मोठी फाईल देणाऱ्या प्रत्येकाने हे करावं असं मी मनापासून सांगेन. थोडा वेळच लागतो.

मॅकवरून परत आल्यावर विंडोजमध्ये टिंब आणि खालच्या रेघेने सुरू होणाऱ्या छोट्या फाईली दिसू लागल्या. त्या मॅक स्वतःच्या सोयीसाठी बनवतो, व्हायरस नव्हे. विंडोजवर त्या काढून टाकल्या तरी मूळ फाईलीला काही होत नाही.

सर्वांत जास्त आग्रह मी धरते तो इजेक्टचा, म्हणजे ड्राईव्ह उपसण्याआधी कॉम्प्युटरला तसं सांगण्याचा. एनटीएफएसमध्ये बदलांची नोंद आधी होते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी बरंचसं सावरतं. एक्सफॅटला ती सोय नाही. शिवाय लिनक्सवर कॉपीची पट्टी पूर्ण भरलेली दिसली तरी माहिती अजून मेमरीतून ड्राईव्हवर उतरत असू शकते. इजेक्ट दाबून परवानगी मिळेपर्यंत हात लावायचा नाही, हा आमच्या गटात आता नियमच आहे. मूळ चित्रीकरण दिग्दर्शकांच्या हार्ड डिस्कवर वेगळं ठेवलं आहे, पेनड्राईव्ह फक्त ने-आण करण्यासाठी.

नाट्यगृहातल्या जुन्या साऊंड प्लेअरला मात्र एक्सफॅट वाचता आला नाही. त्याच्यासाठी संगीताच्या लहान फाईली टाकून १६ जीबीचा फॅट३२ ड्राईव्ह वेगळा ठेवला आहे.